व्रणाच्या शेजारची फांदी: मनगटावर दिसेल असा टॅटू काढायचा का, एक प्रकरण

थोडं आधीचं

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव नको म्हणाली म्हणून इथे नुसतं ताई. कामाची जागाही मोघम ठेवते, एवढंच सांगते की ती एका हॉटेलात फ्रंट डेस्कला आहे, म्हणजे दिवसभर काउंटरवर हात पुढे करूनच काम, कार्ड घ्या, चावी द्या, इथे सही करा. तेव्हा ती 34 वर्षांची होती.

त्याच्या सव्वादोन वर्षं आधी ती जिन्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून टायटॅनियमची प्लेट बसवली. या ऑपरेशनला बहुतेक वेळा तळहाताच्या बाजूने चीर देतात, त्यामुळे व्रण आला तो नेमका मनगटाच्या आतल्या बाजूला, उभा, सात सेंटिमीटर. हाड मस्त जुळलं, हात सगळं करतो, फक्त अंगठ्याच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढी जागा अजून बधिर आहे, तिथे टाचणी लावली तरी कळत नाही असं ती कौतुकाने करून दाखवते.

अडचण नक्की काय होती

मनगटाच्या आत उभी रेघ दिसली की बघणाऱ्याच्या डोक्यात काय येतं ते वेगळं सांगायला नको. कोणी तोंडाने म्हणत नाही. नजर तिथे जाते, थांबते, मग आवाज एकदम मऊ होतो. एकदा एका वयस्कर पाहुण्या बाईंनी बिल भरताभरता तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आता बरं आहे ना बाळा?" मागे रांग होती. ताई म्हणाली, "हो काकू, प्लेट घातलीय, पडले होते," आणि काकूंनी मान हलवली ती अशी की तू काहीही सांग, मला कळलंय.

त्या रात्री तिचा मला फोन आला की मला मनगटावर टॅटू काढायचाय. मी म्हटलं अगं तू? कानातलं सोडून अंगावर काही नवं न करणारी बाई ती. तिचं म्हणणं असं की लोक या हाताकडे बघतातच, ते माझ्या हातात राहिलेलं नाही, निदान काय बघावं हे तरी मी ठरवीन.

मला हे तेव्हा अर्धंच पटलं होतं आणि आज मागे बघताना वाटतं की सगळ्या प्रकरणात हे एकच वाक्य पक्कं होतं, बाकी सगळं आम्ही चाचपडत केलं. बायकांना टॅटूबद्दल सल्ला देताना लोक सुरुवातच "दिसेल असा कशाला" इथून करतात. तिच्याबाबतीत दिसायचं ते आधीच ठरून गेलं होतं, जिन्याने ठरवलं होतं.

कोणकोणते रस्ते होते

पहिला, काहीच न करणं. सिलिकॉन जेल, मसाज, उन्हापासून जपणं हे तिने वर्षभर केलं होतं, व्रण सपाट आणि फिकट झाला होता, यापुढे आपोआप फार फरक पडणार नव्हता. लांब बाह्या घालता आल्या असत्या, पण युनिफॉर्म अर्ध्या बाह्यांचा.

दुसरा, व्रण पूर्ण झाकणं. मोठं डिझाइन, फुलं-पानं, खाली रेघ हरवून जाईल असं. ताईचा आधी हाच विचार होता. यात दोन गोष्टी आडव्या आल्या. एक तांत्रिक, व्रणाची कातडी साध्या कातडीसारखी शाई धरत नाही, कुठे पिते, कुठे फुटून पसरते, आणि सात सेंटिमीटरचा व्रण लपवायला टॅटू त्याच्या दोन-तीन पट मोठा घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट माझ्या नवऱ्याने सहज बोलता बोलता काढली, की मनगटाच्या आत एवढं गच्च डिझाइन बघितलं की मला तर वाटेल खाली काहीतरी लपवलंय. झालं. ज्या समजापासून सुटायचं तोच घट्ट होणार.

तिसरा, व्रण तसाच उघडा ठेवून शेजारून काहीतरी काढणं. व्रण म्हणजे देठ, बाजूने एक बारीक फांदी, पाच-सहा पानं.

चौथा रस्ता भाऊजींनी सुचवला, खांद्यामागे काढ, हौस पण होईल आणि कोणाला दिसणारही नाही. ताई म्हणाली, "हौस नाहीये ही." भाऊजी त्यावर "तुझा हात, तू ठरव" म्हणून मोकळे झाले. ऐकायला किती छान वाटतं हे वाक्य, पण ताईला त्याचा रागच आला, ती म्हणे परवानगी मागितली नव्हती, मत विचारलं होतं.

आणि एक रस्ता कायम मागच्या खिशात असतो, नाही आवडलं तर लेझर. तो आम्ही नीट शोधून काढला आणि त्याचा फायदा झाला, कारण नाहीतर माणूस उगाच त्याच्या भरवशावर उडी मारतो. काळी शाई सगळ्यात सोपी जाते, हिरवी-पिवळी चिवट. एका बैठकीत काही होत नाही, सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. सावळ्या कातडीला जास्त जपून करावं लागतं, 1064 नॅनोमीटरचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी पांढुरका डाग राहू शकतो. व्रणाच्या शेजारी आणखी एक डाग, म्हणजे तो रस्ता जवळपास बंदच. रंगीत नको, फक्त काळा, हे तिथेच ठरलं. तसंही तिला साध्या धातूचं कानातलं चालत नाही, लगेच पुरळ येतं, आणि टॅटूच्या शाईत सगळ्यात जास्त ऍलर्जी लाल रंगाची निघते.

आठ दिवसांची रंगीत तालीम

ही कल्पना माझी होती म्हणून थोडी मिरवून घेते. मी फांदीचं चित्र टॅटूच्या स्टिकर पेपरवर प्रिंट केलं, पाण्याने लावायचं असतं ते, आणि ताईने ते लावून आठ दिवस ड्युटी केली. तीन-चार दिवसांनी विटलं की नवीन. कोणीतरी काळ्या मेंदीने काढ म्हणालं होतं, ते आम्ही टाळलं, ती पटकन काळी करायला तिच्यात केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी घालतात आणि त्याने फोड येऊन कायमचे डाग पडल्याची उदाहरणं आहेत.

ताईने काउंटरखाली एक चिठ्ठी ठेवली होती, कोणी काही म्हटलं की रेघ मारायची. आठ दिवसांत 23 रेघा. त्यातल्या व्रणाबद्दलच्या दोन. म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता, नजर सरकली होती.

पण एक वेगळा कप्पा तिला करावा लागला. सात पुरुषांनी जवळजवळ त्याच शब्दांत विचारलं, "अजून कुठे कुठे आहेत?" आणि एकाने तर विचारता विचारता मनगट धरून हात स्वतःकडे वळवला. व्रण होता तेव्हा लोक हळहळून हात लावायचे, आता हक्काने लावायला लागले. मला वाटतं बाईने दिसेल असा टॅटू काढताना खरा विचार करायचा तो याचा. म्हातारपणी कसा दिसेल हे लोक विचारतात, अहो म्हातारपणी सगळंच कसंतरी दिसतं. दिवसातून तीनदा परक्या माणसाला काय उत्तर द्यायचं, न चिडता, काउंटरच्या अलीकडे उभं राहून, हा प्रश्न लगेचचा असतो.

इथे ती थांबली असती तर मला नवल वाटलं नसतं. दोन दिवस तिने विषयच काढला नाही. मग म्हणाली की हळहळ मला परतवता येत नाही, आगाऊपणा परतवता येतो, त्याची मला सवय आहे. आणि उत्तर ठरवलं, "एवढाच आहे. तुमचं ओळखपत्र?" एका दमात, मध्ये श्वास न घेता.

नोकरीत विचारायचं की नाही

कर्मचाऱ्यांच्या नियमावलीत एकच ओळ होती, दिसणारे टॅटू "संयत" असावेत. संयत म्हणजे काय ते कोण ठरवणार? तिची सहकारी म्हणाली विचारूच नकोस, विचारलंस की नाहीच म्हणतात, काढून झाल्यावर कोण काय करणार आहे. हा सल्ला वाईट नाही, पुष्कळांचं असंच निभतं. पण ताईला पुढच्या वर्षी बढती अपेक्षित होती आणि तिला त्या वेळी हा मुद्दा टेबलावर यायला नको होता.

तिने एचआरला मेल केला. मेलचा पहिला मसुदा मी वाचला तो अर्ध्या पानाचा, ऑपरेशनपासून सगळी कहाणी, वर हेही की एअर न्यूझीलंडने 2019 ला आणि व्हर्जिन अटलांटिकने 2022 ला आपल्या लोकांना टॅटू उघडे ठेवायला परवानगी दिली. सगळं उडवलं. शेवटी तीन ओळी राहिल्या: मनगटावर, आतल्या बाजूला, काळ्या रंगात, नऊ सेंटिमीटरची पानांची फांदी, सोबत चित्र, हे नियमात बसतं का. व्रणाचा उल्लेखच नाही. यावर आमचा वाद झाला, मला वाटत होतं व्रणाचं सांगितलं तर सहानुभूतीने लवकर हो म्हणतील. ती म्हणाली, "सहानुभूतीचीच तर कटकट आहे ना!"

उत्तराला नऊ दिवस लागले. चेहरा, मान आणि पंजा सोडून चालेल, मजकूर नको. लेखी. तो मेल तिने प्रिंट काढून ठेवला.

मावशी

खरी गाठ इथे होती. मावशीला टॅटूच आवडत नाहीत असं नव्हतं, तिचं दुखणं वेगळं होतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे ताईची वेणी मावशीने घातली, टाके काढल्यावर रोज संध्याकाळी तो व्रण बोटाने गोल गोल चोळून दिला. ती म्हणाली, "इतकी मेहनत घेऊन तो सपाट केला मी, आता त्याच्यावर सुया टोचून घेणार?"

ताईने तिला सांगितलं की व्रणावर नाही, शेजारी. आणि मग कुठूनतरी वाचलेलं सांगितलं, आल्प्समध्ये 1991 ला बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर 61 टॅटू आहेत आणि त्यातले बरेचसे सांध्यांपाशी, मनगट, गुडघा, घोटा, पाठीचा खालचा भाग, दुखणाऱ्या जागी उपचार म्हणून काढले असावेत असं काही संशोधकांना वाटतं. मावशी म्हणाली, "मग बरा झाला का तो?" आम्ही हसलो, ती हसली नाही.

शेवटी ती एवढंच म्हणाली की करायचंच असेल तर मला आधी सांग, कोणत्या दिवशी ते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आर्टिस्ट निवडणं

आधी ती डॉक्टरकडे जाऊन आली, हे तिने न सांगता केलं आणि चांगलं केलं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की सुई जाते एक ते दोन मिलिमीटर, प्लेट स्नायूच्या खाली आहे, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी व्रण दाबून बघितला, मूळ चिरेच्या बाहेर वाढलेला नाही, म्हणजे केलॉइडचा कल दिसत नाही, वर्ष उलटून गेलंय, शेजारी काढायला हरकत नाही. आधी शाईचे दोन ठिपके टोचून बघा म्हणाले, आणि हेही म्हणाले की ठिपक्यांना काही झालं नाही म्हणजे पुढे कधीच होणार नाही असं नसतं, काही ऍलर्ज्या महिन्यांनी उगवतात.

पहिला आर्टिस्ट बोलायला गोड. "व्रण पूर्ण गायब करतो, नो टेन्शन." त्याच्या फोनमधले सगळे फोटो नुकत्या काढलेल्या टॅटूंचे होते, लालसर, चकचकीत. ताईने वर्षभर जुना एखादा दाखवा म्हटलं तर नव्हता. आम्ही चहा पिऊन परत.

दुसरी एक बाई होती, कमी बोलणारी. तिने जुने फोटो आपणहून दाखवले, बारीक रेघ दोन वर्षांत किती जाड होते तेही, आणि का ते सांगितलं. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते, तिथल्या पेशी तिला गिळून बसतात, त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी परत गिळतात. हे 2018 ला फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलंय हे मला नंतर कळलं, तिला ते अनुभवाने माहीत होतं, ती म्हणाली शाई जागच्या जागी बसलेली नसते हो, ती हातोहात फिरत असते. म्हणून पानांच्या शिरा काढू नका, दहा वर्षांत पान काळं गोळा होईल. शिरा गेल्या. पाचाऐवजी मोठी चार पानं झाली. मनगटाच्या घडीपासून वर बोटभर जागा सोडली, कारण घडीवरची शाई लवकर विटते.

काढला तो दिवस

दीड तास काम, पण त्यातली चाळीस मिनिटं नुसता स्टेन्सिल लावण्यात गेली आणि सगळ्यात मोठा निर्णय तिथेच झाला. हात टेबलावर उताणा ठेवून स्टेन्सिल लावलं, सुंदर दिसलं. आर्टिस्ट म्हणाली उभ्या राहा, हात सोडा. हात सोडला की मनगट आत वळतं, तसं ते वळलं आणि फांदी व्रणापासून फिरून भलतीकडेच बघायला लागली. पुसलं. परत लावलं. परत पुसलं. तोवर कातडी लाल झालेली.

मग तिने विचारलं, पानांची टोकं कोणाकडे? नेहमीची पद्धत अशी की हात खाली सोडल्यावर समोरच्याला सरळ दिसेल असं काढायचं, म्हणजे या फांदीची टोकं कोपराकडे. ताईने हात उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि तिला ते उलटं दिसलं. आर्टिस्ट म्हणाली बहुतेकांना नंतर वाटतं की समोरच्याला सरळ हवं होतं, फोटोतही उलटं येतं, विचार करा. ताई बराच वेळ हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "काउंटरवर मीच बघत असते दिवसभर. माझ्याकडून सरळ."

सुई नवी, पाकीट समोर फोडलेली, शाई छोट्या टोपणात वेगळी काढलेली, उरलेली फेकून दिली. बधिर जागेजवळचं पान तिला कळलंच नाही, वरचं पान मात्र दात खाऊन काढलं.

आणि मी काय केलं, तर बाहेर पडताच फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. ताईने घरी पोचल्यावर मावशीला फोन करायचं ठरवलं होतं. मावशीने त्याआधी स्टेटस बघितलं.

नंतरचे पंधरा दिवस

मावशी तीन दिवस ताईशी बोलली नाही, माझ्याशी आठ. रागावली म्हणण्यापेक्षा गप्प झाली. चौथ्या दिवशी तिने ताईला फोन करून विचारलं की त्याला तेल लावायचं असतं का. तेल नाही, असं सांगून ताई रडली.

तोपर्यंत दुसराच घोळ सुरू होता. आर्टिस्टने टॅटूवर पारदर्शक चिकट फिल्म लावून दिली होती, आजकाल लावतात ती. दुसऱ्या दिवशी फिल्मच्या कडेने चौकोनी लाल पट्टा उठला, खाज, बारीक पाण्याचे फोड. टॅटू ठीक, फिल्म बाधली. मॅनेजरने ते बघून इन्फेक्शन समजून तिला पाच दिवस काउंटरवरून मागे बसवलं. फिल्म काढून डॉक्टरांचं मलम लावल्यावर आठवड्यात गेलं, पण त्या गडबडीत एका पानाची खपली आधीच निघाली आणि तिथली शाई उडाली.

वाईट याचं वाटतं की ऑपरेशनच्या वेळी ड्रेसिंगच्या चिकटपट्टीने तिला अगदी असंच झालं होतं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं. स्टुडिओच्या फॉर्मवर "ऍलर्जी" या रकान्यात तिने लिहिलं, धातू.

आता काय स्थिती आहे

चौदा महिने झाले. बढती झाली, टॅटूचा विषय कोणी काढला नाही. व्रणावरून कोणी आवाज मऊ करत नाही, जवळजवळ संपलंच ते. "अजून कुठे" विचारणारे आहेत, ठरलेलं उत्तर आहे, कधी कधी उत्तर द्यायचाही कंटाळा येतो तेव्हा ती घड्याळ आतल्या बाजूला वळवते. रक्तदानाला थांबावं लागलं, टॅटूनंतर कुठे चार महिने तर कुठे बारा महिने थांबवतात, तिला आधी माहीत नव्हतं आणि ती नेमाने देणारी, त्याची चुटपुट लागली तिला.

अमेरिकेत 2023 च्या एका मोठ्या पाहणीत टॅटू असलेल्यांपैकी 24 टक्के लोकांनी निदान एका टॅटूचा पस्तावा होतो असं सांगितलं होतं. मी तिला विचारलं, तू कुठे बसतेस. म्हणाली पस्तावा नाही, पण काही दिवशी मी पण विसरते की तो आहे, आणि मला वाटलं होतं की तो रोज काहीतरी वाटायला लावेल.

वेगळं काय करता आलं असतं

चिकटपट्टीचं सांगायला हवं होतं, हे पहिलं. फॉर्म भरताना जुने दवाखान्याचे कागद जवळ घेऊन बसायचं, आठवणीवर भरायचा नाही. शाईचे ठिपके टोचून बघितले तसा फिल्मचाही एक तुकडा दोन दिवस लावून बघता आला असता, कोणाला सुचलंच नाही.

रक्तदान आधी करून मग टॅटू, हा क्रम तिला आवडला असता. सुट्टी चार दिवसांची तरी जोडून घ्यायला हवी होती, ती दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली.

एचआरला व्रणाचं न सांगणं बरोबर होतं, हे मी आता मान्य करते.

स्टेटसचं मी मावशीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "फोटो चांगला आला होता." अजून मला कळलेलं नाही ते कसं घ्यायचं.

ते चौथं पान अजून अर्धंच आहे. आर्टिस्ट म्हणाली होती दोन महिन्यांनी या, भरून देते, ताईने अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली. आता पुढच्या महिन्यात जायचं म्हणते, मावशीला तारीख कळवून झालीय, आणि मावशी म्हणतेय मी पण येते, बघते कशी टोचते ती.